कोऱ्या पासपोर्टावरचे चार शिक्के

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. झालं, सांगून टाकलं एकदाचं. बत्तीस वर्षं वाटतोय. ज्या बायकांना असं काही वाटत नाही त्यांनी आपापल्या जावेचा चेहरा जरा डोळ्यांपुढे आणावा आणि मग मला नावं ठेवावीत.

तिचं नाव उन्जू. इथं कोरियात, पोहांगच्या बंदराजवळ माझ्या दिराचं चष्म्याचं दुकान आहे. मूल ना बाळ, त्यामुळे आठवडाभर कुलूप लावलं तरी कुणाचं काही अडत नाही. दर चुसोकला, म्हणजे ज्या पौर्णिमेला अख्खं घराणं पूर्वजांना पान वाढायला जमतं नेमक्या त्याच सुट्टीत, हे दोघं विमानात. आणि मी, माल्सून, थोरली सून, तव्यापुढे. माशाचे काप तळा, भोपळ्याची धिरडी घाला, पाइनच्या पाल्यावर तांदळाच्या करंज्या उकडा. सुट्टी संपली की बाईसाहेब उन्हानं रापून परत येणार, माझ्या हातात चॉकलेटचा डबा ठेवणार आणि जवळ बसून पासपोर्ट उघडणार. ‘‘हा बघा ताई, हा पोर्तुगालचा. आणि हा मोरोक्कोचा, किती सुंदर अक्षरं आहेत ना?’’

सुंदर! मला तर प्रत्येक शिक्क्यात माझी एकेक कढई दिसायची.

‘‘व्हिसाबिसा काढायला किती खेटे घालावे लागले गं?’’ मी एकदा मुद्दाम विचारलं. निदान थोडा तरी त्रास झाला असेल अशी आशा.

‘‘छे हो! आपल्या पासपोर्टाला व्हिसा मागतंय कोण? निम्म्याहून जास्त जग मोकळं आहे आपल्याला. उठायचं आणि निघायचं.’’

उठायचं आणि निघायचं म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

असो. तर यंदा माझी लेक सुल्बी, जी लग्न करून अमेरिकेत अटलांटाला गेलीय, तिला दिवस गेले. पहिलटकरीण. सासू नाही, जावई बॅटरीच्या कारखान्यात पाळीवर. आमच्यात बाळंतिणीला आईच्या हातचं समुद्री शेवाळाचं सूप लागतं, रोज, तीन आठवडे, आणि ते करायला आईच लागते. मी फोनवर सांगून टाकलं, ‘‘मी येतेय. पूर्वजांना म्हणावं यंदा थोडं सबुरीनं घ्या.’’ पहिलं नातवंड. पहिल्यांदा मांडीवर घेणार ती मी. बासष्ट वर्षांत स्वतःसाठी मी एवढी एकच गोष्ट मागितली होती.

तर पोरगी काय म्हणते? ‘‘आई, उन्जूकाकूला घेऊन ये ना बरोबर. तुला इंग्रजी येत नाही, विमानतळावर गांगरशील. काकूला सगळं माहीत असतं.’’

काकूला सगळं माहीत असतं. मी नऊ महिने पोटात वाढवलेली पोर! मी ‘‘बरं’’ म्हटलं आणि फोन ठेवून सिंकमधल्या भांड्यांवर राग काढला.

उन्जूनं सगळं केलं, नाकारून चालणार नाही. अमेरिकेला आम्हाला व्हिसा नसला तरी आधी इंटरनेटवरून परवानगी काढावी लागते. ती तिनं काढली, माझा फोटो काढून आणला, तिकिटं शेजारशेजारची घेतली. तिकडे न्यायला वाळवलेलं शेवाळ चालतं, गोमांस चालत नाही, तेही तिनंच सांगितलं. माझा पासपोर्ट आला, नवाकोरा, निळा. तिनं तो फर्रकन चाळला आणि हसत म्हणाली, ‘‘अगदीच कोरा की हो! असा कोरा दिसला की तिथले साहेब जरा जास्तच प्रश्न विचारतात हं, ताई.’’

थट्टा केली बिचारीनं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रात्रंदिवस एकच डोक्यात. साहेब पासपोर्ट उलटसुलट करून विचारणार, बाई, इतकी वर्षं होतात कुठे? मी काय सांगू, तव्यापुढे?

पुढच्या आठवड्यात आमचा बायकांचा गट दीपगृह बघायला गेला. किनाऱ्यावरची दीपगृहं एकेक करून बघायची आणि प्रत्येक ठिकाणी लाकडी पेटीतला शिक्का आपल्या वहीत मारून घ्यायचा, हे खूळ आमच्याकडे फार. ती वहीसुद्धा अगदी पासपोर्टासारखी दिसते. सगळ्या बायका ठप्पाठप् शिक्के मारत होत्या. माझ्याकडे वही नव्हती. पर्समध्ये पासपोर्ट होता, कारण आल्यापासून मी तो घरी ठेवायलाच तयार नव्हते.

कुणाचं लक्ष नाही असं बघून मी मारला. निळा, गोल, मधोमध दीपगृह, खाली तारीख. काय छान उठला म्हणून सांगू! दुपारपर्यंत आणखी तीन दीपगृहं झाली. चार पानं भरली. घरी येऊन मी ती चारचारदा उघडून बघितली, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला उन्जूच्या तोडीचं वाटलं. तिला दाखवलं मात्र नाही. म्हटलं, विमानात बसल्यावर सहज काढून दाखवू.

शुक्रवारी इंचनच्या विमानतळावर खिडकीतल्या मुलीनं पासपोर्ट उघडला. एक पान. दुसरं पान. मग तिनं मान वर केली.

‘‘आजी, हे शिक्के कुठले?’’

‘‘दीपगृहाचे,’’ मी म्हटलं. तेव्हासुद्धा जरा ऐटीतच.

त्या मुलीनं पासपोर्ट बाजूला ठेवला. तिनं मोठ्या बाईंना बोलावलं. त्या फार नम्रपणे बोलल्या, आणि तेच जास्त लागलं. पासपोर्टात सरकारी शिक्क्याशिवाय काहीही उमटवलं की तो खराब झालेला धरतात. अमेरिकेहून परत पाठवतील, म्हणून इथूनच बसवता येत नाही.

‘‘मग दुसरा द्या ना तातडीचा!’’ उन्जू पुढे झाली. ‘‘एका प्रवासापुरता मिळतो तो!’’

‘‘तो मिळाला तरी त्यात चिप नसते, मॅडम. बिनाव्हिशाची परवानगी फक्त चिपवाल्या पासपोर्टावर चालते. तातडीच्या पासपोर्टावर अमेरिकेला जायचं तर व्हिसाच लागेल, मुलाखत देऊन. आणि नेहमीचा नवा काढायचा तर कचेऱ्या चुसोकनंतर उघडणार. आज तीन तारीख. सुट्टी नऊपर्यंत.’’

निम्म्याहून जास्त जग मोकळं, आणि मी स्वतःच्या हातानं त्याला कडी घालून आले होते. मला वाटलं, आता उन्जू हसणार. अख्ख्या पोहांगला सांगणार. मी तिच्याकडे बघितलंच नाही, बाकावर जाऊन बसले आणि मोठ्यानं रडले. लाज वाटली, पण रडले.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. हसली नाही. ‘‘ताई, का मारलेत हो?’’

‘‘तुझ्यामुळे!’’ मी खेकसले. ‘‘तुझे ते पोर्तुगाल आणि मोरोक्को! मला नव्हतं का वाटत? पण मी गेले असते तर घावनं कुणी घातली असती, तू?’’

तिनं माझ्या बॅगेचा पट्टा सरळ केला. मग म्हणाली, ‘‘तुम्ही जाणार नसाल तर मीही जात नाही. तुम्ही म्हणाल तसं.’’

आमच्यात थोरलीचा शब्द तो शब्द. मी म्हटलं असतं तर ती खरंच परत फिरली असती. आणि खरं सांगते, ‘नको जाऊस’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. मला नाही तर तिलाही नाही. पण तिकडे सुल्बीचे दिवस भरले होते, घरात बाईमाणूस नाही. मी पिशवीतून शेवाळाच्या जुड्या काढल्या आणि तिच्या मांडीवर आदळल्या.

‘‘जा. अर्धा तास भिजव, तिळाच्या तेलात परत, मग पाणी घाल. मीठ कमी. रोज ताजं.’’

‘‘हो, ताई.’’

‘‘आणि एक ऐक.’’ माझा आवाज मलाच ओळखू येईना. ‘‘मी येईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. आजी मी आहे. तुला सगळं जग मिळालं, एवढं एक मला राहू दे.’’

तिचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं मान खाली घालून म्हटलं, ‘‘बरं, ताई. नाही लावणार.’’ आणि ती आत गेली. मी दुपारच्या बसनं पोहांगला परतले. नवऱ्यानं दार उघडलं, बॅग बघितली, आणि काही न विचारता चहाचं पाणी ठेवलं. त्याला अक्कल आहे, कधीकधी.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. सगळं सुखरूप.

सोमवारी सकाळी चुसोक. शेवटी मी तव्यापुढेच. कॉड माशाचा पहिला काप तेलात सोडला आणि सुल्बीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रविवारची संध्याकाळ, इस्पितळातून नुकतीच घरी आलेली. डोळे खोल गेलेले, केस विस्कटलेले, आणि मागे बाळाचं टाहो फोडून रडणं.

‘‘आई, काकूला काय झालंय गं?’’ ती रडकुंडीला आली होती. ‘‘स्वयंपाक करते, कपडे धुते, सूपही तुझ्यासारखंच करते. पण बाळाला हात लावत नाही. नर्सनं समोर धरलं तर हात मागे घेतले! हे कारखान्यात गेलेत, माझे टाके ओढतायत, मला पाळण्याशी वाकवत नाही, आणि ती नुसती उभी आहे. बघ!’’

तिनं फोन फिरवला. उन्जू पाळण्याशी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, वाकून बाळाला नुसतं बघत होती, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

खोटं कशाला बोलू? एक क्षण मला बरं वाटलं. शब्द पाळला तिनं, पहिला मान अजून माझाच होता. मग बाळ रडता रडता अडकलं, श्वास घ्यायला थांबलं, आणि उन्जूचे खांदे जागच्या जागी हलले. तिथं पोचायला मला अजून दोन आठवडे लागणार होते. माझी मलाच किळस आली.

‘‘उन्जू!’’ मी ओरडले. माशाचा काप करपला, करपू दे. ‘‘अगं उचल तिला! उचल, बघत काय बसलीस?’’

तिनं फोनकडे बघितलं. ‘‘ताई, तुम्ही म्हणाला होतात...’’

‘‘मेलं ते म्हणणं! मी म्हणाले, आता मीच सांगते. घे तिला.’’

सुल्बी चकित होऊन एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिनं फोन काकूच्या हातात दिला आणि ती उशीला टेकली. उन्जूनं मोकळा हात पुढे केला, आणि तिथंच थांबली.

‘‘कसं घ्यायचं, ताई?’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मी कधी घेतलंच नाही कुणाचं.’’

बत्तीस वर्षं. माझ्या सुल्बीलासुद्धा मी तिच्या हातात कधी दिलं नव्हतं. वांझेची नजर लागेल, असं सासूबाई म्हणाल्या आणि मी मुकाट्यानं ऐकलं होतं. तिनं मागितलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले होते.

‘‘डावा तळवा डोक्याखाली घाल,’’ मी म्हटलं. ‘‘मान आधी सांभाळ. उजवा हात ढुंगणाखाली. हां. आता सावकाश उचल आणि छातीशी लाव.’’

‘‘फोन हातात आहे ना, ताई.’’

‘‘मग फोन ठेव, बाई,’’ मी म्हटलं. ‘‘दोन्ही हात लागतात.’’

तिनं फोन ठेवला. मला नुसतं छत दिसायला लागलं, आणि थोड्या वेळानं बाळाचं रडणं थांबलं.