भिंतीला पाठ लावलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण नुसती बसायची नव्हे, मान टेकायची. पंचवटीत जमीलभाईंच्या केशकर्तनालयात अर्धा गाव माझ्यावर डोळे मिटून बसला. थोडा तोरा होताच मला!

जमीलभाईंची एक लकब होती. गिऱ्हाइकाला पांघरण्याआधी ते कपडा असा झटकायचे, की फाटकन आवाज निघे. त्या आवाजाची मलाही ऐट होती.

एकाहत्तरच्या लढाईतून दोन मित्र धडधाकट परतले. देवराम तोफखान्यात होता, लहानू पायदळात. एका सकाळी लहानू बसला, जमीलभाईंनी कपडा झटकला, आणि दुसऱ्या क्षणी तो जमिनीवर होता. माझा पाय त्याने घट्ट धरला होता. दुकान मात्र हसले. सर्वांत मोठ्याने देवराम हसला. "मी बी लढाईतच व्हतो की! मला नाय काय झालं!"

लहानू तसाच निघून गेला. दाढी वाढली, लोक त्याला भित्रा म्हणू लागले. त्यातच बहिणीला पाहायला पाहुणे येणार असे ठरले. थोरला भाऊ असा दाढी वाढवून समोर बसला, तर पाहुणे काय म्हणतील?

आदल्या दिवशी देवराम खाली मान घालून आला.

"जमीलभाई, मी लय लांबून गोळे टाकायचो. ते कुठं पडले, कधी पाह्यलं नाय. लहानू तिथून चालत गेला. दोघांची लढाई एकच, असं मला वाटत व्हतं. चुकलं माझं."

जमीलभाईंनी मला आरशासमोरून ओढले. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे; म्हणजे मागून कुणी येणार नाही आणि येणारा आधीच दिसेल. देवराम लहानूला घेऊन आला. जमीलभाईंनी कपडा शालीसारखा अलगद पांघरला. "लहानूभाऊ, वस्तरा हा बघा. तुम्ही म्हणाल तिथं थांबतो."

दाढी झाली. बहिणीचे लग्नही जमले. कपडा पुन्हा कधी वाजला नाही, आणि मीही पुन्हा फिरले नाही. आरसा दिसत नाही अशी कुरकुर करणाऱ्याच्या हाती जमीलभाई छोटा आरसा देत.

लहानू दर शनिवारी येई, पण डोळे उघडे ठेवून बसे. पंच्याऐंशी साली एकदा मात्र त्याचे डोळे मिटले. घोरू लागला! जमीलभाईंनी वस्तरा थांबवला आणि खुणेनेच सगळ्यांना गप्प केले. बाकावर देवराम डोळे पुसत होता.

आता माझी उशी उसवली आहे, मी मागच्या खोलीत पडून आहे. मला शिवा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, कुणी दचकले तर हसू नका. आधी त्याला विचारा, "पाठ कुठे टेकवू तुमची?"