माझा प्रतिवादी मला परत द्या

काचवाल्याला पोलिसांनी उचललं त्या दिवशी मामाने अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

"सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाला. "घ्या, घ्या. साखर जास्त घातलीय."

मामाचं फ्रेमचं दुकान आहे. फोटो, सर्टिफिकेटं, मेलेल्यांचे चेहरे, काय आणाल त्याला चौकट. मी त्याच्याकडेच कामाला, पट्ट्या कापतो, कोपरे जुळवतो. शेजारचं दुकान काचवाल्याचं. मामा त्याला काचऱ्या म्हणतो, तो मामाला चौकट्या. फ्रेमला काच लागते आणि काच शेजारीच मिळते. तरी मामा गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काच आणायचा. येताना निम्म्या वेळा तडकायची. तडकली तर तडकली.

कारण बोळ. दोन दुकानांच्या मध्ये एक बोळ आहे, माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढा. मामा त्यात पट्ट्या ठेवायचा, काचऱ्या त्यात काचेच्या पेट्या ठेवायचा, आणि दोघेही म्हणायचे बोळ माझा. मी शाळेत होतो तेव्हापासून केस चालू होती. मामा वादी, काचऱ्या प्रतिवादी. एवढ्या वर्षांनी आता कुठे साक्षीपर्यंत आली होती. पुढच्या तारखेला काचऱ्याची उलटतपासणी. प्रश्न विचारणार वकील, पण पाठ केले होते मामाने. खिळे ठोकताना पुटपुटायचा. "हे खरं आहे का की सदर बोळ..." ठक. "हे खरं आहे का की तुमच्या वडिलांनी..." ठक.

आणि नेमकं त्याला उचललं.

झालं असं की सराफाकडे चोरी झाली. शोकेसची काच फोडली नव्हती, कापली होती. गोल, स्वच्छ. पोलिसांनी डोकं लावलं. स्वच्छ काप म्हणजे काचवाला. सगळ्यात जवळ राहणारा काचवाला म्हणजे हा. साप साप म्हणून भुई धोपटायची, एवढंच.

दोन दिवस काही पत्ता नाही. काचऱ्याची बायको, मी तिला काकी म्हणतो, डबा घेऊन चौकीत गेली. ते म्हणाले इथे नाही, चौकशी करून त्याच दिवशी सोडला. पण मागच्या खोलीच्या दाराशी तिला त्याच्या चपला दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा तिने स्वतः शिवलेला, पांढऱ्या दोऱ्याने.

"साहेब, या चपला..."

"मग घेऊन जा चपला," साहेब म्हणाला. "आणि फार फिरू नका बाई. तुमच्या मुलीला पण चौकशीला बोलवावं लागेल. तरणी आहे ना?"

काकी चपला घेऊन परत आली. हे सगळं तिने मला बोळाच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, आणि मामा आतून ऐकत होता.

"चपला सोडल्या का?" मामा ओरडला. "चला, निम्मा तर सुटला!"

काकी तशीच घरात गेली.

मी म्हणालो, "मामा, लाज वाटू दे जरा."

"मला? सतरा वेळा त्याने माझ्या पट्ट्यांवर पाणी ओतलंय."

पण संध्याकाळी मामाच्या वकिलाचा फोन आला. मामाने हसत हसत त्याला सगळं सांगितलं आणि मग हसायचा थांबला.

"मेला तर?... वारस? म्हणजे बायको?... मुलगी पण?... भाऊ कशाला मध्ये?... पहिल्यापासून?"

फोन ठेवला. फ्रेमकडे बघत बसला.

"भाच्या," म्हणाला, "हा मेला तर केस पहिल्यापासून."

मी वकिली शिकलेलो नाही. फोनवर जे सापडेल ते वाचतो, ग्राहक नसताना. पण एक गोष्ट मला माहीत होती ती मी त्याला सांगितली. पोलिसांनी माणूस धरला की एका दिवसाच्या आत न्यायाधीशापुढे उभा करायला पाहिजे. नाही केला तर तो माणूस डांबलेला. मग खालच्या कोर्टात घिरट्या घालायच्या नाहीत, थेट वरच्या कोर्टात जायचं. माणूस हजर करा, एवढंच मागायचं. वकील नसला तरी चालतो. साधं पत्र लिहिलं तरी घेतात कधीकधी. आणि ज्याला धरलंय तो स्वतः येऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरं कोणीही येऊ शकतं.

"मग लिही."

"काकी सही करत नाही. मुलीचं भ्या घातलंय."

"मेहुणा?"

"दार उघडत नाही."

"भाऊ?"

"तो म्हणाला, कोण भाऊ?"

मामाने हातातला खिळा तोंडात धरला, काढला. "मग माझ्या नावाने लिही."

लिहिलं. अर्जात एक रकाना असतो, तुमचं त्याच्याशी नातं काय. मी विचारलं, शेजारी लिहू का?

"शेजारी? थुंकतो मी शेजाराच्या नावावर. खरं आहे ते लिही. प्रतिवादी."

वरच्या कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला.

"हे तुमचे कोण लागतात?"

"प्रतिवादी," मामा म्हणाला.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरकारी वकील उठला. बोळाच्या केसची सगळी कागदं आणली होती त्याने. म्हणाला, हा माणूस त्याचा वैरी आहे, याला त्याच्याबद्दल काडीची माया नाही, ह्यात काहीतरी डाव आहे, अर्ज फेकून द्यावा.

बाईंनी मामाकडे बघितलं. "खरं आहे?"

"खरं आहे ना. त्याचं तोंड बघितलं की माझं जेवण उतरत नाही."

"मग आलात कशाला?"

"त्याची माणसं आली असती बाई, पण त्यांना यांनी दम दिलाय. मला काय दम देणार? त्याला मारू म्हणतील? मला आनंदच आहे. पण माझी तारीख होईपर्यंत नाही. माझा प्रतिवादी मला परत द्या, मग तुमचं तुम्ही बघा."

आता सगळेच हसले. बाई हसल्या नाहीत.

"अर्जदाराने माया करावी असं कायद्यात कुठे लिहिलंय, वकीलसाहेब?"

सरकारी वकिलाने कागद चाळल्यासारखं केलं.

"उद्या सकाळी माणूस हजर करा. चालत," बाई म्हणाल्या. "काय म्हणाले मी? चालत."

बाहेर आल्यावर मी उड्या मारायचा बाकी होतो. एक पान लिहिलं, आणि अख्खी चौकी हलली! मामाने मला वडा घेऊन दिला. स्वतः खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी आणला. चालत. दाढी केलेली, नवा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. पायात दुसऱ्या कोणाच्यातरी चपला, मोठ्या. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, शाळेतल्या पोरासारखे. चौकीचा साहेब शेजारी उभा, लग्नातल्या मामासारखा.

"हे स्वतःहून आले होते," सरकारी वकील म्हणाला. "तपासात मदत करत होते. आले होतात ना स्वतःहून?"

"हो," काचऱ्या म्हणाला.

"नीट वागवलं ना?"

"हो."

बाईंनी वकिलाला बसवलं. काचऱ्याला पुढे बोलावलं, साहेबाला मागे जायला सांगितलं. हळू आवाजात विचारलं, "घाबरू नका. इथे तुम्हाला कोणी हात लावणार नाही. तुमची काही तक्रार आहे का?"

"हो."

साहेबाचा रंग उडाला, मी बघितला उडताना. मामाने माझं मनगट धरलं.

"काय तक्रार आहे?"

"हो."

"काय झालं ते सांगा."

"हो."

बाईंनी चष्मा काढला. "तक्रार नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो."

साहेबाचा रंग परत आला.

बाईंनी त्याला हात पुढे करायला सांगितले. त्याने केले. बोटं जाड झालेली, दोन नखं नव्हती. डॉक्टरकडे न्या म्हणाल्या, तपासणी करा, लिहून घेतलं. पण माणूस स्वतः काही सांगत नाही, आणि माणूस हजर तर झालाय. अर्ज निकाली. तुम्ही मोकळे आहात, म्हणाल्या.

"हो," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. मामाने दंडाला धरून बाहेर आणला. "चल रे काचऱ्या. तारखेला उभं राहायचंय तुला."

"हो."

सराफाकडची चोरी नंतर त्या सराफाच्याच जावयाने केलेली निघाली. हे काचऱ्याला सांगायला कोणी आलं नाही. आम्ही पेपरात वाचलं.

तारीख आली. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. काचऱ्या पिंजऱ्यात. मामाच्या वकिलाने पहिला प्रश्न टाकला. "हे खरं आहे का की सदर बोळ माझ्या आशिलाच्या मालकीचा आहे?"

"हो."

वकील दचकला. वर्षानुवर्षं धार लावलेली सुरी, आणि समोर लोणी. "तुमच्या वडिलांनी हे मान्य केलं होतं?"

"हो." दोन प्रश्नांत काम संपलं. बाकीचे पाठ केलेले सगळे वाया.

काचऱ्याच्या वकिलाने उठून विचारलं, "पण बोळ तुमचाच आहे ना?"

"हो."

ह्या कोर्टाचे साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "एक काहीतरी ठरवा."

"हो."

मामा मागून ओरडला, "अहो, तो खोटं बोलतोय! निम्मा त्याचा आहे!" वकिलाने त्याला खाली ओढलं. कोणी ऐकलंच नाही. महिन्याभरात निकाल लागला. बोळ मामाचा.

मामाने त्यानंतर बोळात एकही पट्टी ठेवली नाही.

मी म्हणालो, आपण वरच्या कोर्टात परत जाऊ. मारलं त्याची भरपाई मागू, साहेबाला उभा करू. हक्क आहे तो त्याचा, डॉक्टरचा कागद पण आहे. सकाळी मी टाईप केलं, काचऱ्याला वाचून दाखवलं, त्याने सही केली. हात इतका थरथरत होता की सही म्हणजे मुंग्यांची रांग. दुपारी चौकीतून शिपाई आला. त्याने दुसरा कागद आणला होता. त्यात लिहिलेलं, सकाळचा कागद खोटा आहे, मी बोळात पडलो होतो. काचऱ्याने त्यावर पण सही केली. तशीच, मुंग्यांची.

"कोर्ट काय करणार?" मी मामाला म्हणालो. "दार उघडं आहे हो. आत जाऊन ह्याने नाही म्हणायला पाहिजे ना."

"मग नाही म्हणायला शिकवू," मामा म्हणाला. "शिव्या देऊन मीच तर बोलायला लावायचो याला."

आणि सुरू झाला. रोज दुकान उघडलं की भुसा झाडून काचऱ्याच्या दारात. "घाण केली का रे मी?" हो. त्याच्या पाटीवर शाई उडवली. "चालेल ना?" हो. भर रस्त्यात बोलायचा, "काचऱ्या, तुझा बाप चोर होता ना?" हो. "आणि तू?" हो. लोक थांबून बघायचे, मग हसायला लागले, मग त्यांनाही खेळ मिळाला. शेंगदाणेवाला विचारायचा, तू गाढव आहेस ना? काकी आतून दार लावून घ्यायची.

मी एकदा म्हणालो, बास झालं मामा. मामाचे डोळे लाल होते. "तू गप. उद्या चिडेल बघ. चिडला की मारेल मला. मारू दे."

काचऱ्याची एक हिरकणी होती, काच कापायची. मूठ बापाच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली. आता तिने काम होत नव्हतं, काच धरली की थरथरून फुटायची. तरी रोज पुसून गल्ल्यावर ठेवायचा. लेकरासारखी.

त्या दिवशी मामा त्याच्या दुकानात शिरला, हिरकणी उचलली आणि सगळ्यांसमोर गटारात टाकली.

काचऱ्या बघत राहिला. मग बाहेर आला, गुडघ्यावर बसला, बाही वर करून काळ्या पाण्यात हात घातला. ती सुजकी बोटं चिखलात चाचपत होती. गल्लीत कोणी हसलं नाही. बऱ्याच वेळाने सापडली.

मामा त्याच्यावर वाकला. "राग आला ना? सांग ना रे. आला ना राग?"

काचऱ्याने वर बघितलं. ओठ हलले. पहिल्यांदाच त्याने विचार केलेला दिसला.

"नाही," तो म्हणाला.

आणि हिरकणी शर्टाला पुसून त्याने मामापुढे धरली. परत टाकायची असेल तर.