तुळईला गेलेला तडा

मी अकोल्याजवळच्या नाल्यावरची लोखंडी तुळई बोलतेय. आगगाडीच्या पुलाखाली उभं राहून वर पाहिलंत, तर उजव्या हाताची ती मी.

विलायतेच्या भट्टीत माझा जन्म झाला. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भलताच भाव आला होता, सगळ्यांनाच घाई होती. त्या घाईत माझ्या एका रिवेटच्या, म्हणजे जोडखिळ्याच्या, भोकाची कड खरबरीत राहिली.

तीन हंगाम कापसाच्या गाठी माझ्यावरून मुंबईकडे गेल्या. प्रत्येक गाडीखाली मी किंचित वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. हळूहळू त्या भोकापासून केसाएवढा तडा सरकू लागला. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

रुळांत खडी भरणारी सुभद्रा एकदा दुपारी पुलाखाली सावलीला बसली. तिला त्या रिवेटपासून उतरलेला तांबूस ओघळ दिसला. ती मुकादम उत्तमरावांकडे गेली.

"दादा, तिथूनच गंज गळून राह्यला. बाकी कुठीच नाई."

"लोखंड हाय बाई, गंजनच."

तिचं समाधान झालं नाही. तिनं पुलाच्या कामावरच्या जैनुद्दीनला बोलावून आणलं. हा पातूरचा लोहार. त्यानं माझ्यावर तेल चोळलं, पुसलं आणि वर चुना फासला. गाडी गेली, तसं तड्यात मुरलेलं तेल बाहेर आलं. पांढऱ्या चुन्यावर वीतभर काळी रेघ उमटली.

सुभद्रानं बोलावलं तसे उत्तमराव आले, त्यांनी रेघ पाहिली. मग लाल निशाण घेऊन स्वतः रुळावर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रेल्वेचा साहेब आला. "गाड्या कोणी थांबवल्या?"

"म्या," उत्तमराव म्हणाले. "नोकरी गेली तं जाऊ द्या. पन याच्यावरून गाडी सोडाची माही हिंमत नाई."

साहेबानं रेघ पाहिली. त्याचा आवाज उतरला. वरून लोखंडी पट्टी ठोका, म्हणाला.

"साहेब, पहिले तड्याच्या टोकाले भोक पाडू द्या," जैनुद्दीन म्हणाला. "टोक गोल झालं का तडा पुढं जात नाई. नाईतं पट्टीखालून चालतच राहीन."

साहेबानं मान हलवली. मला खालून लाकडांचा टेकू दिला. जैनुद्दीननं दोन दिवस उताणं पडून भोक पाडलं, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावल्या, लालभडक रिवेट ठोकले. टेकू काढून पहिली गाडी सावकाश सोडली, तेव्हा जैनुद्दीन खालून हलला नाही. त्याचा तळवा माझ्यावरच होता. मी वाकले, सरळ झाले. तडा जागचा हलला नाही.

जैनुद्दीन आता दुसऱ्या पुलावर गेलाय. उत्तमरावांची नोकरी राहिली. रोज सकाळी ते पुलावर थांबतात आणि खाली वाकून विचारतात, "सुभद्राबाई, काय दिसून राह्यलं?"

आणि तिचं उत्तर आल्याशिवाय हिरवं निशाण वर जात नाही.