पहिला खांदा

पहिली काठी धोंडूदादाच्या डोक्यात बसली तेव्हा मी फोकस करत होतो. खरं सांगतो, बोट बटणावरून निघालंच नाही. खटखटखटखट, सेकंदाला सात फोटो. तिसऱ्यात काठी, चौथ्यात रक्त, सहाव्यात दादाची टोपी सहाणेच्या चिऱ्यावर.

सहाण म्हणजे शिमग्यात आमच्या देवीची पालखी बसते तो जांभ्याचा चौथरा. तिथून पालखी उठली की पहिला खांदा वरच्या वाडीचा, म्हणजे आमचा. आणि वाडीत तो मान धोंडूदादाचा, माझ्या चुलतभावाचा. आख्खं आयुष्य मुंबईत दुसऱ्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट वरखाली करण्यात गेलं त्याचं. तिथे त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. हा माणूस वर्षभर जगतो तो या एका खांद्यावर.

आणि काठी बसली ती माझ्यामुळे.

मी महिपत. रत्नागिरीत कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट. वय एकोणपन्नास, अक्कल बारा. लॅबमधल्या सिलिका जेलच्या पुड्या ढापतो आणि माझी ही मोठी लेन्स पुड्यांसकट तांदळाच्या हवाबंद डब्यात ठेवतो. आपल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते ना! नम्रता, म्हणजे बायको, म्हणते, "माझ्या पापडांना बुरशी आली ती बरी नाय दिसली तुम्हाला!"

तर गेल्या शिमग्यात दादा मला चारचौघांत म्हणाला, "फोटोग्राफर कसला, पासपोर्टवाला तू." झालं. घरी येऊन कॉम्प्युटरवर मी पहिल्या खांद्याच्या माझ्याच फोटोतलं दादाचं मुंडकं उडवलं आणि त्या जागी खालच्या वाडीच्या रामाचं चिकटवलं. गावच्या ग्रुपवर टाकलं, 'पहिला खांदा खालच्या वाडीचा!' लोक हसून लोळले. मी तर तीन दिवस हसत होतो.

खालची वाडी मात्र हसली नव्हती. त्यांनी फोटो जपून ठेवला. यंदा रामा सहाणेवर आला तो तोच फोटो दोन फुटी फ्रेममध्ये घालून, वर झेंडूचा हार.

"ह्यो बगा पुरावा! गेल्या साली पयला खांदा आमचा. यंदापण आमचाच."

"मेल्या, मुंडी तुजी, पन शर्ट बग कुनाचा!" दादा ओरडला. "माजा शर्ट हाय त्यो. खिसा बग, लाल दोऱ्यानं शिवलेला!"

"रामा, मस्करी होती रे ती," मी म्हटलं. "मीच चिकटवली तुझी मुंडी."

"आता मस्करी काय? मंग वरीसभर का गप ऱ्हायलास?"

वर्षभर मी तो फोटो दाखवून लोकांचा चहा पीत होतो.

दादाने पालखीच्या दांड्याला हात घातला आणि रामाची काठी बसली.

मग ढोल वाजवणारे ढोलाच्या टिपऱ्यांनीच एकमेकांना बडवायला लागले. कुणाचा कान फाटला, कुणाच्या पोटात गुडघा. फ्रेमची काच फुटून लोकांच्या अनवाणी पायांत घुसली. दादा खाली पडलेला, आणि रामाने दुसऱ्या घावाला काठी उचललेली. ते मला लेन्समधून दिसलं. इतकं जवळ, की रामाच्या पापणीवरचा गुलाल दिसला.

या वेळी बटण नाही दाबलं. पट्टा मनगटाला गुंडाळला आणि कॅमेरा, लेन्स, सगळं सव्वादोन किलोचं धूड गरकन फिरवून रामाच्या जबड्यावर हाणलं. आवाज दोन आले. एक हाडाचा, एक काचेचा. आणि खोटं कशाला बोलू, आधी मला काचेचं वाईट वाटलं.

दादाला चौदा टाके पडले. रामाचा जबडा तारेने बांधला. पोलिसांना कॅमेऱ्यातलं कार्ड मी स्वतःहून दिलं. रामाची काठी त्यात होती, माझा घाव नव्हता. तो मी तोंडी सांगून जबाबावर सही केली. वरून हुकूम आला की दोन्ही वाड्यांनी पालखीला हात लावायचा नाही.

पण देवीला सहाणेवर किती दिवस बसवणार? तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. चार शिपायांनी बूट काढले, पट्टे सोडले, पालखीभोवती उभे राहिले. दोन्ही वाड्या दोन बाजूंना. एक शिपाई इकडेतिकडे बघत म्हणाला, "कुणी सांगा तरी, कशी उचलायची?"

मग दादा पुढे आला, डोक्याला पट्टी. हात लावायचा नाही म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"फुडचा खांदा आदी. गुडघ्यात वाक जरा. आनि हिसका देव नको बाबा, तिला सवय नाय."

"असं, काका?"

"आनखी थोडा खाली. हां. आता उठ."

पालखी उठली. ढोल नाही, नाचवणं नाही. शिपाई देवळाच्या वाटेला लागले. दादा दहा पावलं अंतर ठेवून मागून निघाला, हात तसेच पाठीमागे. आणि चढ आला तसा त्याचा उजवा खांदा हळूहळू खाली झुकत गेला.