पिवळ्या चकत्या

अप्पांनी खुरप्यानं फूटभर लांब, फूटभर रुंद गवताची चकती उचलली आणि मी मोजलं. हुमणीच्या सतरा अळ्या. पांढऱ्या, कोयरीसारख्या वळलेल्या, डोकं तपकिरी. वरच्या गवताला मूळ उरलंच नव्हतं. जयलक्ष्मीपुरममधल्या त्या बंगल्याच्या हिरवळीवर अशा नऊ पिवळ्या जागा होत्या.

"दसऱ्यापर्यंत चांगलं होतं," अप्पा म्हणाले. माझे वडील, संताजीराव, इथं सव्वीस वर्षं माळी आहेत. "औषधाचे दाणे टाकतो. चार दिवसांत सरी होतं, ठीक होतं."

दाण्यांचा डबा त्यांनी शेडमधून आणला. लेबल विटलं होतं, पण नाव वाचता आलं. त्या औषधावर कधीच बंदी आली आहे. अप्पा उघड्या हातानं मूठ भरायला लागले.

"अप्पा, बेड, नको. हातमोजे कुठं आहेत?"

"हातमोज्यातनं किती पडले कळत नाही, मगळे, पोरी. हाताला कळतं."

"किती वर्षं असं टाकता?"

"दरवर्षी. पाऊस सरला की."

मी डबा काढून घेतला. चकत्या उचलू, अळ्या वेचू, गवत परत दाबून पाणी देऊ, एवढंच सांगितलं.

"साळुंक्या तेच करतात," ते हसले. "याला तुझी एम.एस्सी. लागली व्हय?"

मालकीण वाणीअम्मा व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. शनिवारी मुलीचं रिसेप्शन याच हिरवळीवर होतं. कन्नडमध्ये, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "संताजीराव, जमत नसेल तर आत्ताच सांगा. एजन्सीचा माणूस बोलावते."

"जमतं अम्मा," अप्पा म्हणाले.

आम्ही वेचायला बसलो. अर्ध्या तासात माझ्या बादलीत चौऱ्याण्णव अळ्या पडल्या. त्यांच्या बादलीत सहा. अळी बोटांत धरली की निसटत होती. ते परत धरत होते. त्यांचा अंगठा तर्जनीला नीट टेकतच नव्हता.

"कधीपासून?"

"वय झालं, अष्टे, बाकी काही नाही." मग थोड्या वेळानं, "शर्टाची बटणं तुझी अम्माच लावते हल्ली. तुला सांगू नको म्हटलं होतं."

मी त्यांना शेडच्या सावलीत नेलं. सावलीत डोळ्यातली बाहुली मोठी होते. त्यांची मोहरीच्या दाण्याहून लहान होती.

हे औषध रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, निकामी करतं. ते फार कमी झालं की हातपाय ऐकेनासे होतात. अप्पांना मी हे दोनदा समजावलं. दुसऱ्या दिवशी लष्कर मोहल्ल्यातल्या लॅबमध्ये त्यांनी बाही वर करून हात पुढं केला. मूठ घट्ट करा म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या हातानं बोटं मिटवून धरली.

"रिपोर्ट बरा आला तर उद्या कामाला जाऊ ना?" त्यांनी विचारलं. "शनिवार जवळ आला."

"बघू, अप्पा."

संध्याकाळी कागद मिळाला. सीरम कोलिनेस्टरेज : १,९४० युनिट प्रति लिटर. सामान्य प्रमाण : ५,३२० ते १२,९२०.