काचेतलं ऊन

तेलात बुडवलेली तीन बोटं सुगंधानं माणिकच्या टाळूवर ठेवली आणि ती तिथंच थबकली. आठव्या महिन्यात टाळू बोटभर उरायला हवी. ही तिच्या तीन बोटांना पुरून उरत होती, आणि आत काहीतरी धडधडत होतं.

"काय झालं, मावशी?" नंदानं विचारलं.

"काय नाय गो बाय. तेल निवलं."

तेल निवलं नव्हतं. सुगंधानं उगाच वाटी उचलली, गॅसवर धरली, परत आणली. तोवर नंदा टॉवेलांच्या घड्या करायला लागली होती, आणि सुगंधाला तेवढंच हवं होतं.

सुगंधा मालवणाकडची. मरोळच्या चाळीत तिची तीस वर्षं गेली. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि घर तिच्या दोन हातांवर आलं. पण हे हात त्याच्या कितीतरी आधीपासून पोरं न्हाऊ घालत होते. सासूनं शिकवलेलं: पाय लांब करून पोर पोटऱ्यांवर घ्यायचं, छातीपासून बाहेर चोळायचं, टाळू भरायची, न्हाऊ घालून धुरी द्यायची आणि मग कोवळ्या उन्हात ठेवायचं. तिनं न्हाऊ घातलेल्या पोरांची आता लग्नं होत होती, आणि त्यांच्या बाळंतपणांनाही बोलावणं तिलाच यायचं.

माणिकच्या घरची माणसं मूळची पार्ल्याची. अंधेरी पूर्वेला नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतलेला. आजी मृणालिनीबाई शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा चंद्रप्रकाश ऑफिसात, सून नंदा घरी. माणिकच्या आधी नंदाला एक मुलगा झाला होता. तो चार महिन्यांचा असताना छातीत कफ धरून गेला. म्हणून माणिक श्रावणात जन्मली तेव्हा मृणालिनीबाईंनी सुगंधाला दारातच सांगून टाकलं होतं, की सव्वा महिन्यावर थांबू नका, वर्षभर या. आणि हिला वारा लागता कामा नये.

पावसाळा सरला, कार्तिकातलं ऊन आलं. समोर खडी फुटत होती. तिच्या धुळीसाठी गॅलरीला काचा बसवून घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी सुगंधानं काच सरकवली, माणिकला उघडी करून चटईवर निजवलं. वारा सुटला. पोर दोनदा शिंकली. नंदा भिंतीला टेकली, तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. सुगंधाला तिची दया आली. तिनं उठून काच ओढून घेतली आणि म्हणाली, "ऊन काय काचेला अडतंय? वारा अडला म्हणजे झालं."

मृणालिनीबाईंना हे फार पटलं. शेजारणींना त्या कौतुकानं सांगत, की आमच्या सुगंधाचं डोकं बघा.

तेव्हापासून रोज सकाळी तासभर माणिक काचेआड सोन्यासारखी पडून राही. फरशी तापे, तिचं अंग तापे. सुगंधा शेजारी बसून गाई:

ऊन कोवळं कोवळं, आलं दारात रांगत
माझ्या माणिकबाळाच्या, निजलं गं मांडीलगत

पौषात माणिकचं डोकं घामानं भिजायला लागलं. उशी ओली व्हायची. माघात मृणालिनीबाईंनी चांदीच्या बिंदल्या दाखवल्या: मनगटात रुतत होत्या. पोर अंग धरतेय म्हणून त्यांनी साखर वाटली. सुगंधानं दंड चाचपला. दंड काटकीसारखा होता. जाड झालं होतं ते फक्त मनगट. तिनंही साखर खाल्ली.

फाल्गुनात न्हाऊ घालताना तिचा अंगठा माणिकच्या डोक्यामागं टेकला, तर हाड आत दबलं आणि टचकन वर आलं. तिनं पुन्हा दाबून पाहिलं नाही.

मुडदूस तिनं पाहिला होता. चाळीतल्या मागच्या खोल्यांत, जिथं दिवसा दिवा लावावा लागतो, तिथली पोरं तशी व्हायची. पण इथं? इथं तूप होतं, बदाम उगाळले जात होते आणि उन्हाला तोटा नव्हता. ती मनाशी म्हणे, दात उशिरा येणार असतील. बसेल, आज नाही उद्या बसेल. नंदानं कधी विचारलंच, तर म्हणे, काही पोरं आळशी असतात गो. एक पोर गमावलेल्या बाईला कसं सांगायचं, की माझ्या बोटांना भीती वाटतेय?

चैत्र लागला. टाळूवर बोटं थबकली तो दिवस गेला, त्यानंतरचे चार दिवसही गेले. पाचव्या दिवशी न्हाणं झाल्यावर सुगंधानं माणिकला काचेआड निजवलं आणि पोरीच्या मुठी वळल्या. बोटं कडक झाली, डोळे वर गेले, अंग धनुकलीसारखं ताणलं गेलं. सुगंधानं तिला उचललं ते थेट रिक्षातच बसली. शेजारी नंदा अनवाणीच होती.

पार्ल्याच्या डॉक्टर मार्तंडांनी नंदाच्या नवऱ्यालाही लहानपणी तपासलेलं. दोन खाटांचा त्यांचा दवाखाना. त्यांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, इतकं हळू की सुगंधाला वाटलं, सुई थांबलीच आहे. मुठी सुटल्या. मग त्यांनी माणिकची मनगटं पाहिली, बरगड्यांवरून बोट फिरवलं, डोकं मागून दाबलं.

"उन्हात नेत नाही का हिला?"

"नेतो ना," नंदा म्हणाली. "रोज तासभर. मावशीच ठेवतात."

"कुठे?"

"ग्यालरीत," सुगंधा म्हणाली. मग तिनं अभिमानानं जोडलं, "काच लावून. वारा लागू देत नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"काचेतून उजेड येतो, बाई. ऊबही येते. पण उन्हातलं जे अंगात जाऊन हाडं धरतं ना, व्हिटॅमिन डी करतं, ते काचेच्या बाहेरच राहतं. आईच्या दुधातही ते फारसं नसतं. या पोरीनं जन्मल्यापासून ऊन घेतलेलंच नाही."

नंदा खाली बघत होती. कोणाची कल्पना ही, असं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. तरी सुगंधा म्हणाली, "काच मीच लावली."

डॉक्टर म्हणाले, थेंब देतो, हाडं धरतील. पाय सरळ होतील का, ते ती उभी राहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. सकाळी उघड्यावर न्या, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी परतायच्या आधी सुगंधा मरोळच्या आणखी दोन घरी गेली. दोन्हीकडे ती न्हाऊ घालायची ती लहान पोरं होती, दोन्हीकडे खिडक्यांना काचा होत्या. एका घरी बाईनं ऐकून लगेच काच उघडली. दुसरीकडची शकु हसली. म्हणाली, "मावशी, तुम्हीच तर लावायला सांगितलीत ना?" आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नंदाच्या दारात सुगंधाचा हात बेलवर जाईना. दार मृणालिनीबाईंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या, पण "या" म्हणाल्या नाहीत. ओट्यावर रोज कोमट करून ठेवलेली तेलाची वाटी आज धुऊन पालथी घातलेली होती. पालथ्या वाटीकडे बघत सुगंधा चपला न काढताच उभी राहिली. तिला वाटलं, आता वळावं.

मागून नंदा माणिकला घेऊन आली.

"गच्चीवर चला," ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."

चार जिने. सुगंधाचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. वर वारा मोकळा होता; दोरीवरचे कपडे फडफडत होते, खडीची धूळ वर येत होती. नंदानं चादर टाकली, माणिकचं झबलं काढलं आणि दोन पावलं मागं सरकली, पहिल्या दिवशीसारखीच.

माणिक उताणी पडली. उघड्या उन्हात तिचे पाय दिसले: गुडघ्यांपाशी किंचित बाहेर वळलेले. घरात ते कधी दिसले नव्हते. की सुगंधानं पाहिलेच नव्हते?

वाऱ्याचा झोत आला. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि शिंकली. नंदाच्या घशातून आवाज निघाला. सुगंधा चटकन वाऱ्याकडं पाठ करून बसली, पदर पसरला, पोरीवर ओणवी झाली. पोर गप्प झाली.

"मावशी, आज गात नाही?"

सुगंधाची नजर चादरीवर होती. वाऱ्याला अडवणारी तिची पाठ, तिचा पदर, या सगळ्याची सावली माणिकच्या अंगावर गळ्यापासून घोट्यांपर्यंत पडली होती.

तिनं पदर आवरला. एक हात टेकून ती हळूहळू उठली आणि बाजूला सरकून बसली.