दिवस मावळायच्या आधी

निपाणीच्या एका तंबाखूवाल्या जैन घरात रत्नव्वा सून म्हणून आली, तेव्हा तिला कानडीपलीकडं काही येत नव्हतं. "ह्या घरात मराठीच बोलायचं," म्हणून सासूनं, राजमतीनं, शिकवायची रीत काढली. रोज संध्याकाळी जेवणाआधी सुनेला हुमान, म्हणजे कोडं, घालायचं. उत्तर आलं तर ताट, नाही तर उपास. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी घास काय, पाणीसुद्धा तोंडात घालत नसे. म्हणजे उत्तर चुकलं की थेट सकाळच.

"समद्यास्नी वाढती, आपुन उपाशी ऱ्हाती. सांग गं, कोण?"

रत्नव्वानं पळीकडं बोट केलं. मराठी शब्द काही सुचेना.

"बोट दावलेलं चालायचं न्हाय. तोंडानं सांग."

अंगणातलं ऊन सरलं. पोर रिकाम्या पोटी भांडी घासायला बसली.

वर्षभर हेच. गल्लीत मात्र राजमतीचं कौतुक: सुनेला काय मराठी शिकवली बाईनं! उपाशी मारून शिकवली, हे कोण कशाला बोलतंय?

पुढं म्हातारपणी राजमतीच्या अंगावरनं वारं गेलं. वाचा बसली, एक हात तेवढा हलायचा. पहिल्याच संध्याकाळी रत्नव्वा मऊ भात आणि पळी घेऊन तिच्या उशाशी बसली आणि अस्खलित मराठीत तिनं तेच हुमान घातलं.

म्हातारीनं पळीकडं बोट केलं.

"बोट दावलेलं चालायचं न्हाय, आत्याबाई. तोंडानं सांगा."

अंगणातलं ऊन सरेपर्यंत रत्नव्वा तिथंच बसून राहिली. मग तिनं भातावर झाकण घातलं.